विचारून राहिली

दिवाळी तोंडावर आली की अकोल्यात आमच्या शाळेसमोरच्या रस्त्याला पांढरी किनार येते. कापसाच्या बैलबंड्या बाजाराकडे जातात, वाटेतल्या बाभळी प्रत्येक बंडीतून मूठभर कापूस ओढून घेतात, आणि उरलेला रस्त्याच्या कडेने लोळत राहतो. मधल्या सुट्टीत मुली तो गोळा करतात आणि तासाला बाकाखाली वाती वळत बसतात. मला दिसतं, पण मी बोलत नाही. या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नसतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी उगीचच जास्त करडी होते.

यंदा सुट्टीच्या आधी पाचवीच्या वर्गात शुद्धलेखन घातलं होतं. खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलीला विचारलं, झालं का गं? ती म्हणाली, "लिहून राहिली, बाई." मी म्हटलं, मग आण इकडे. ती जागची हलेना. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला तेव्हा बिचारी वही घेऊन आली. अर्धं पान कोरं होतं. मी तिला झापलं, झालं म्हणालीस आणि हे काय? सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघायला लागला. बाईंना काय झालं ते मुलींना कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळेना. चांदूर रेल्वेच्या पलीकडच्या खेड्यात जन्मलेली मी. 'लिहून राहिली' म्हणजे लिहितेय, लिहिणं अजून चालू आहे, हे मला कुणी शिकवायला पाहिजे होय? पण त्या क्षणी मी ते पुण्याच्या कानाने ऐकलं. लिहून झालं, आणि आता रिकामी राहिली आहे, असं. मी त्या मुलीला जागेवर बसायला सांगितलं आणि फळा पुसत उभी राहिले. फळ्यावर काही नव्हतं.

हीच चूक नऊ वर्षांपूर्वी जोगळेकरसाहेबांनी केली होती. तेव्हापासून माझ्या मनात एक गुंता आहे. आज सोडवायला घेतलाय, सुटेल असा भरवसा नाही.

जोगळेकरसाहेब आमच्या गावचे ग्रामसेवक. पुण्याकडचे. आमच्या वऱ्हाडात ळ म्हणायची कुणाला सवड नाही, त्यामुळे गावाने त्यांचे 'जोगयेकर' केले आणि त्यांनीही ते मुकाट्याने मानून घेतलं. सायकलच्या कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने एक रजिस्टर बांधून ते दर शनिवारी यायचे. आल्या-आल्या त्यांनी मुलांचा शेती-क्लब काढला. क्लब हा शब्द गावाला आधीपासून माहीत होता, पण चांदूरला जिथे बापे पत्ते कुटत बसतात ती जागा म्हणून. माझे बाबा भडकलेच. पोरगी किलबात जाते असं मी लोकायले सांगू का, म्हणाले. साहेबांनी दोन तास बसून त्यांना समजावलं, आणि शेवटी बाबांनीच शाळेमागच्या आमच्या वावराचा एक तुकडा क्लबला दिला. बाबांचं सगळं असंच. आधी नाही म्हणायचं, मग मागितल्यापेक्षा जास्त द्यायचं.

आम्ही बारा जण होतो. प्रत्येकाला दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद अशी जागा. पेरायचं ते आपल्या मनाने, राबायचं आपल्या हाताने, आणि रोज काय केलं ते वहीत आपल्या अक्षरात लिहायचं. शनिवारी सगळ्यांनी ओळीत उभं राहून म्हणायचं, 'हाताने काम, तोंडाने खरे.' साहेबांच्या रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने होते, एक कामाचा आणि एक खरेपणाचा. वर्षाअखेरी ज्याचे दोन्ही रकाने उत्तम, त्याला अमरावतीच्या प्रदर्शनात न्यायचं आणि पुढच्या जूनपासून तिथल्या वसतिगृहात एक जागा. जागा एकच. सातवीनंतर आमच्या गावात शाळा नव्हती, म्हणून ती एक जागा आम्हा मुलींना देवळाच्या कळसाएवढी दिसायची.

क्लबला गावातलं एक जाणतं माणूस मार्गदर्शक म्हणून लागत असे. बाबांना वाटलं होतं, आपलंच नाव येणार. साहेब आठवडाभर नुसते वावरावावरांतून हिंडले आणि त्यांनी नाव घेतलं पंचफुलाबाईचं. ती रोजाने निंदायला-वेचायला जाणारी बाई. तिच्या घराने धर्मांतर करून तीन वर्षं झाली होती. गाव चार दिवस कुजबुजलं. बाबा दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, पण तिच्या हातचा दाणा वाया जात नाही, हे खरं हाय. विषय तिथे मिटला.

पंचफुलाबाई सांगत नसे, करून दाखवत असे. सरकी शेणमातीत घोळायची, तळव्यांमध्ये चोळायची, म्हणजे तिची लव बसते आणि दाणा दाण्याला चिकटत नाही. मला ते जमेना. तिने माझं मनगट धरलं आणि माझाच हात माझ्याच तळव्यावर फिरवला. शेणाचा ओला वास, तिच्या बांगडीचा गारपणा आणि हाताखाली गुळगुळीत होत जाणारा दाणा, एवढं अजून स्पष्ट आहे. नंतरचं बरंचसं धुरकट आहे. एवढं शिकून शेवटी मी कापूस लावलाच नाही. भेदरं लावली. साहेब भेदरं म्हणजे काय ते दोन शनिवार विचारत होते. तिसऱ्या शनिवारी लाल झालेलं एक हातावर ठेवलं, तेव्हा म्हणाले, अगं, हा तर टोमॅटो!

कापूस लावला तो शेवंताने. शेवंता पंचफुलाबाईची मुलगी, माझ्याच वर्गात, माझ्याच वयाची. तिची पऱ्हाटी माझ्या छातीपर्यंत आली. अशी पऱ्हाटी आमच्या मोठ्या वावरातही नव्हती, आणि बाबा येता-जाता तिथे थांबायचे. तिला पुढे शिकायचं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, विहिरीवर, घागर भरता-भरता. जागा नाही भेटली तर जूनपासून मायसंग निंदाले जा लागते, म्हणाली. मी म्हटलं, तुलाच भेटेल. तेव्हा मी मनापासून म्हटलं होतं. निदान मला तसं आठवतं.

आता चुकीचं सांगते. भादव्यात बोंडांना अळी लागली. आम्ही पत्र्याच्या डब्यात पाणी आणि थोडं मातीचं तेल, म्हणजे घासलेट, घेऊन ओळीओळीने बसायचो आणि अळ्या वेचून डब्यात टाकायचो. घाण काम. शनिवारी साहेब आले. शेवंता चौथ्या ओळीत वाकलेली होती. त्यांनी सायकल लावता-लावता लांबूनच विचारलं, अळ्या वेचल्यास का? ती म्हणाली, "येचून राहिली, साहेब." त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. मग जागा बघायला गेले, तर पुढच्या तीन ओळींत अळ्या तशाच. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "खोटं बोलू नये, शेवंता." आणि खरेपणाच्या रकान्यात फुली मारली. ती तिसरी फुली होती. आधी निंदणाच्या वेळी एक, पाण्याच्या वेळी एक. पोरीचा कामात हात धरणारं कुणी नव्हतं, आणि रजिस्टरात ती खोटारडी झाली.

शेवंता माझ्याकडे वळली. हातात डबा तसाच. "मी काय खोटं बोलली वं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, जाऊ दे.

इथे माझी गाडी दर वर्षी अडते. कारण माझ्या घरात दोन तऱ्हांची मराठी होती. आई जुन्नरकडची, लग्न होईपर्यंत मामाकडे वाढलेली. नवी नवरी असताना तिने सालदाराला विचारलं, गाई सोडल्या का? तो आतून म्हणाला, सोडून राहिलो, बाई. तिला वाटलं, सोडल्या. तिने गाईंच्या कोठ्याला बाहेरून कडी घातली आणि स्वयंपाकाला लागली. सालदार दोन गाईंसकट तासभर आत कोंडलेला, आणि आई विचार करतेय की गावात कोण एवढं बोंबलतंय. ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याला सांगितली जायची. मी ती शंभरदा ऐकली होती, शंभरदा हसले होते. म्हणजे साहेबांची चूक मला त्याच क्षणी कळायला पाहिजे होती. मग कळली होती का? कळली असेल तर 'जाऊ दे' का म्हटलं? नसेल कळली, तर त्या संध्याकाळी मी जेवले का नाही? आई म्हणत होती, पोट दुखतंय का? मी हो म्हटलं. पोट दुखत होतं की नव्हतं, तेही आज सांगता येत नाही.

फुल्यांमुळे शेवंता मागे पडली आणि नाव माझं लागलं. माझ्या दोन्ही रकान्यांत टिंबभरसुद्धा डाग नव्हता. मी नेहमी 'केलं, साहेब' म्हणायचे. आईची भाषा. ती मी मुद्दाम बोलायचे की सहज यायची, हाही एक प्रश्नच.

दिवाळीच्या तोंडावर बोंडं फुटली. आमच्याकडे पहिला कापूस वेचण्याआधी सीतादही करतात. घरची बाई दही-भात घेऊन वावरात जाते, चांगल्या फुटलेल्या पऱ्हाटीखाली पानावर ठेवते, चारी दिशांना शिंपडते, आणि मगच वेच्याला हात लागतो. पंचफुलाबाईने आम्हाला शेवंताच्या पऱ्हाटीला हात लावू दिला नाही. आमी सोडलं ते, म्हणाली, पण वावर तुमचं हाय, तुई माय येऊ दे. आई आली. तिने पूजा केली आणि सगळ्या मुलांच्या हातावर दही-भात घातला. पंचफुलाबाईने घेतला आणि खाल्ला. शेवंताने घेतला नाही. तिला दही आवडत नव्हतं, की तिने ते सोडलं होतं, की माझ्या आईच्या हातून नको होतं? मी तिला कधी विचारलं नाही. पहाटेचं दव होतं, कापूस जड लागत होता, आणि ती एकटीच भराभर वेचत पुढे गेली.

अमरावतीच्या प्रदर्शनात माझी भेदरं रेल्वेतच पिचकून गेलेली. शेजारच्या टेबलावर साहेबांनी आमच्या क्लबची म्हणून शेवंताच्या कापसाची पिशवी ठेवली होती. एक म्हातारे परीक्षक आले. त्यांनी चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून धागा लांबवला, पुन्हा लांबवला, चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, हा कुणाचा? साहेबांनी शेवंताचं नाव सांगितलं. ते म्हणाले, मग ती मुलगी कुठे आहे?

मला रडू कोसळलं. तिथेच, पिचक्या भेदरांसमोर, मी साहेबांना सगळं सांगितलं. 'राहिली' म्हणजे काय, आईने कोंडलेला सालदार, अळ्या, सगळं. साहेब बाकावर बसले. रजिस्टर उघडून एकेक शनिवार मागे वाचत गेले आणि पेन्सिलीने कान खाजवत राहिले. मग म्हणाले, "हे तुला केव्हापासून ठाऊक होतं, कुसुम?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांचा विश्वास बसला नसावा. पण ते खरं होतं, आजही खरं आहे.

पुढच्या शनिवारी साहेब आधी शेवंताच्या घरी गेले. पंचफुलाबाईसमोर हात जोडून म्हणाले, माझ्याकडून अन्याय झाला. अख्ख्या गावाने पाहिलं. तिथून वावरात आले आणि मला बाजूला घेतलं. नाव वर गेलंय, जागा तुझ्या नावावर आहे. तू आणि तुझ्या वडिलांनी नको म्हणून लिहून दिलं, तरच तिची होईल. जबरदस्ती नाही, घरी विचार, असं ते म्हणाले. वडील तुला कसंही शिकवतील, असंही म्हणाले. ते त्यांना काय माहीत? बाबांचं मला काय माहीत होतं? सातवी झाली की बस्स, असं ते एकदा म्हणाले होते. आधी नाही म्हणून मग जास्त देणारा माणूस, हेही मला ठाऊक होतं. विचारलं असतं तर काय म्हणाले असते? मी विचारलं नाही. आठवडाभर दोन्ही वेळा त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवले आणि विचारलं नाही.

शनिवार उजाडला. साहेबांनी सायकल लावली, मला विचारलं, विचारलंस का गं घरी?

"विचारून राहिली, साहेब," मी म्हटलं.

मी. केलं-साहेब, वेचलं-साहेब म्हणणारी मी. उभ्या जन्मात त्यांच्यासमोर कधी वऱ्हाडी बोलले नव्हते. त्यांच्या जुन्या कानाने ऐकलं असेल, तर मी विचारलं, नकार आला आणि आता गप्प आहे. नव्या कानाने ऐकलं असेल, जो मीच त्यांना थोड्याच दिवसांपूर्वी दिला होता, तर विचारणं चालू आहे, थांबावं. त्यांनी मान हलवली, रजिस्टरात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. परत कधी विचारलंही नाही. एका मुलीवर अविश्वास दाखवून चुकलो म्हणून दुसरीवर विश्वास ठेवला, की कंटाळले? उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, रजिस्टरही गेलं. मी मात्र मनाशी घोकत राहिले की मी खोटं बोलले नाही. विचार चालूच होता की! बाबांना विचारायचं, याचा विचार. जूनपर्यंत चालू होता. मग बाबांनीच माझी ट्रंक बंडीत ठेवली, कौंडण्यपूरच्या जत्रेत घेतलेल्या नव्या बांगड्या हातात घालून मी अमरावतीला गेले, शिकले, मास्तरीण झाले.

शाळेतल्या त्या मुलीला झापल्यावर चारच दिवसांनी दिवाळीची सुट्टी लागली. मी गावी गेले. या वेळी सरळ शाळेमागच्या वावरात गेले. तिथे क्लब आहे. साहेब नाहीत, रजिस्टर नाही, रकाने नाहीत, पण नऊ-दहा पोरं-पोरी आपापल्या दहा पावलांत वाकलेली होती. पंचफुलाबाईचे गुडघे गेले, आता शेवंता बघते. तिचा नवरा चांदूरला रेल्वेत गँगमन. ती आठवडाभर रोजाने जाते आणि शनिवारी इथे येते. एका पोरीचं मनगट धरून तिला बोंडातून कापूस कसा ओढायचा ते दाखवत होती, म्हणजे पाचोळा लागत नाही. मला पाहून हसली. बस म्हणाली. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले.

मी तिला सांगितलं. नऊ वर्षं जिभेवर घोळवलेलं, तरी वाकडंतिकडं आलं. मी घरी विचारलंच नव्हतं, शेवंता. एकदासुद्धा नाही.

ती कापूस कमरेला खोचलेल्या ओट्यात टाकत होती. टाकत राहिली. मग म्हणाली, "जागेचं साहेबानं सांगितलं होतं मले. तू साहेबाले सांगितलं तवा मी मांगंच उभी होती. विचारून राहिली म्हणाली तू."

मी म्हटलं, हो.

"मले वाटलं, विचारून राहिली. मी वाट पाह्यली. तुई बंडी गेली तवालोक पाह्यली."

साहेबांनी ते कुठल्या कानाने ऐकलं, यावर मी नऊ वर्षं डोकं फोडत होते. मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या कानाचा मी कधी विचारच केला नव्हता. तिने ते आपल्या भाषेत ऐकलं, सरळ ऐकलं, खरं मानलं. आणि रोज सकाळी उठून तिने वाटेकडे डोळे लावले असतील, आज कुसुम येऊन सांगेल म्हणून. शेवटी मी लहान पोरीसारखं विचारलं, राग गेला का गं तुझा?

शेवंताने ओट्यातला कापूस हाताने दाबून बसवला.

"जाऊन राहिला," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीत वाकली.

मी धुऱ्यावर बसून राहिले. पुण्याच्या कानाने ऐकलं तर तो गेला होता. मी तसं ऐकायची फार धडपड केली. पण शेवंता वऱ्हाडीत बोलली होती, आणि वऱ्हाडी मला येते.